आधी कासीस, मग वाईन

दिजोंमध्ये ज्या घरात मी सहा आठवडे भाड्याने राहिले, तिथल्या मालकीणबाईंनी ऐंशी ओलांडलेली होती. पहिल्याच शनिवारी त्या जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "संध्याकाळी सातला खाली या. आपेरो घेऊ." मी वेळेवर गेले. टेबलावर टोपलीत गरम गुझेर होते, म्हणजे चीज घालून भाजलेले, आतून पोकळ असे फुगीर गोळे. शेजारी दांडीचे छोटे ग्लास, फ्रीजमधून नुकतीच काढलेली, बाहेरून घामेजलेली पांढऱ्या वाईनची बाटली आणि आणखी एक आखूड, जवळजवळ काळी दिसणारी बाटली. बाईंनी आधी त्या काळ्या बाटलीतलं दाट पेय प्रत्येक ग्लासच्या तळाशी ओतलं, अगदी थोडं. मग वरून वाईन सोडली. तळाचा काळा रंग वर उसळला, गोल फिरला आणि बघता बघता ग्लासभर फिकट डाळिंबी होऊन बसला. सरबताच्या सवयीने मी चमचा उचलला. "नको, नको. वाईनच ढवळून घेते सगळं," त्या म्हणाल्या.

हे कीर. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांताचं, खास करून दिजों या त्याच्या राजधानीचं, जेवणाआधीचं पेय. दोन बाटल्या आणि एक ग्लास, एवढ्यात होतं. शिजवायचं नाही, मुरवायचं नाही, गाळायचं नाही. इतकं सोपं असल्यामुळेच ते बहुतेक ठिकाणी चुकीचं बनतं, असं माझं सहा आठवड्यांनंतरचं मत आहे. पॅरिसच्या कॅफेंत मी गोड सरबतासारखं कीर प्याले आहे, मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात तर जवळजवळ जांभळं कीर माझ्यापुढे आलं होतं. म्हणून हा लेख.

आपेरो हे आपेरितीफचं लघुरूप, आणि आपेरितीफ हा शब्द लॅटिनमधल्या 'उघडणे' या क्रियापदावरून आला. आपण भूक चाळवणं म्हणतो, तेच काम. फ्रेंच घरात आपेरो ही पाऊण तासाची बैठक असते. पाहुणे येऊन टेकतात, कोट उतरतात, स्वयंपाकघरातलं शेवटचं काम उरकत असतं आणि तोवर हातात काहीतरी हलकं, थंड, आंबटसर हवं असतं. भूक वाढवायची तर पेय आंबट किंवा कडू हवं. गोड पेयाने भूक मरते, हे आपल्याकडची आजीही सांगेल. कीरमध्ये गोडवा आहे, पण तो आंबटपणाला आवर घालण्यापुरता. चिंच-गुळाच्या आमटीत गूळ असतो म्हणून कुणी आमटीला गोड म्हणत नाही. गूळ चिंचेची धार बोथट करतो आणि चिंच गुळाला मिठाई होऊ देत नाही. ज्याला ती आमटी जमते, त्याला कीर जमायला हवं.

कीरमधली ही आंबट वाईन म्हणजे आलिगोते. बर्गंडीची कीर्ती दोन द्राक्षांवर उभी आहे: लाल वाईनसाठी पिनो न्वार, पांढरीसाठी शार्दोने. उतारावरच्या चांगल्या जमिनी त्या दोघींना मिळाल्या. आलिगोतेला माथ्यावरची थंड जमीन किंवा पायथ्याची सपाट जमीन उरली. या द्राक्षाचं पीक भरपूर, वाईन पातळ आणि चांगलीच आंबट. १९३७ साली 'बुर्गोन्य आलिगोते' असं स्वतंत्र नामांकन तिला मिळालं, आणि बूझरों या एकाच गावाच्या आलिगोतेला १९९८ मध्ये गावाच्या नावाचं स्वतंत्र नामांकन मिळालं. अलीकडे चांगले बागायतदार आलिगोतेकडे मनापासून लक्ष देतात आणि तिची उत्तम वाईन काढतात. पण शंभर वर्षांपूर्वी ती कामगारांची, शेतकऱ्यांची, सकाळी नऊला कॅफेत उभ्याने प्यायची वाईन होती. दात आंबावेत अशी. तिच्यात कुणीतरी कासीस घातलं, यात नवल नाही.

कासीस म्हणजे ब्लॅककरंट. या शब्दाने मराठी वाचकाचा घोटाळा होतो, तो आधी सोडवू. आइस्क्रीममुळे ब्लॅककरंट हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. सुक्या मेव्याच्या दुकानात 'ब्लॅक करंट' म्हणून जे बारीक काळं मिळतं, ते मात्र बहुधा लहान बिनबियांच्या द्राक्षांचे मनुके असतात. कासीस हे वेगळ्याच झुडपाचं फळ. झुडूप माणसाच्या छातीइतकं, पानं सुगंधी, फळं घोसाने लागणारी, वाटाण्याएवढी, काळी. तोंडात टाकलं तर आधी आंबट, मग तुरट, आणि शेवटी एक उग्र, रानटी वास नाकात रेंगाळतो. पहिल्या खेपेला तो सगळ्यांनाच आवडतो असं नाही. दुसरी एक गोष्ट: फळाचं नाव उच्चारताना शेवटचा स ऐकू येतो. प्रोव्हान्समध्ये समुद्रकिनारी याच स्पेलिंगचं एक गाव आहे, त्याला बरेच लोक 'कासी' म्हणतात, आणि तिथेही नावाजलेली पांढरी वाईन होते. त्या वाईनचा कीरशी काही संबंध नाही.

फ्रान्समध्ये कासीसचा शिरकाव औषध म्हणून झाला. १७१२ साली एका पाद्रीबुवाने या फळाचे गुण वर्णन करणारी पुस्तिका काढली आणि लोकांनी परसात झुडपं लावायला सुरुवात केली. घरोघरी बाया ही फळं ब्रँडीत भिजवून साखर घालून ठेवत. दिजोंच्या ऑग्युस्त-दनी लागूत या मद्यनिर्मात्याने १८४१ मध्ये त्याचा पक्का व्यवसाय केला आणि 'क्रेम द कासीस' बाजारात आणलं. क्रेम म्हटलं तरी त्यात साय नाही, दूध नाही. दाटपणा साखरेचा आहे. युरोपच्या आजच्या नियमाप्रमाणे साध्या 'क्रेम'मध्ये लिटरला किमान २५० ग्रॅम साखर लागते, पण क्रेम द कासीसला किमान ४०० ग्रॅम. फळ इतकं आंबट आहे की त्याहून कमी साखर त्याला पुरत नाही.

१८७८ च्या सुमारास फायलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड दिजोंच्या जिल्ह्यात पोचली आणि द्राक्षमळे उभे वाळले. ज्यांचे वेल गेले, त्यांनी कासीस लावलं. पुढे अमेरिकी मुळांवर कलमं बांधून द्राक्षं परतली, तरी कासीस बांधाबांधाने आणि डोंगराच्या वरच्या अंगाला टिकून राहिलं. फळ जुलैच्या उन्हात, द्राक्षांच्या बरंच आधी तयार होतं. त्यामुळे एकाच घरातली माणसं दोन्ही पिकं सांभाळू शकत. हिवाळ्यात झुडपाच्या कळ्या खुडून अत्तरवाल्यांना विकायच्या, हेही एक जोडउत्पन्न.

वाईनचा हा गाव, फळाचाही हाच गाव. दोन्ही एका ग्लासात येणारच होती. त्या पेयाला 'ब्लां-कासीस' म्हणत, आणि घाईत 'ब्लां-कास'. पहिल्यांदा कुणी केलं याच्या कहाण्या दिजोंमध्ये पुष्कळ आहेत. १९०४ मध्ये महापौर झालेले समाजवादी आंरी बाराबां नगरपालिकेच्या समारंभांत शॅम्पेनऐवजी हेच देत, अशी एक. कहाणीतला तपशील कसाही असो, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे पेय दिजोंच्या कॅफेंत रुळलेलं होतं.

मग कीर हे नाव कुठून आलं? ते एका धर्मगुरूचं आडनाव आहे.

फेलिक्स कीर यांचा जन्म १८७६ साली आलीझ-सांत-रेन या गावात झाला. हे तेच गाव, जिथे जूलियस सीझरने गॉल लोकांचा शेवटचा मोठा पराभव केला असं मानतात. कीर १९०१ मध्ये पाद्री झाले आणि पुढे 'शान्वान' ही चर्चमधली मानाची पदवी त्यांना मिळाली. जून १९४० मध्ये जर्मन फौजा दिजोंवर चालून आल्या तेव्हा महापौर शहर सोडून गेले. कारभार बघायला जी मोजकी माणसं मागे उभी राहिली, त्यांत चौसष्ट वर्षांचे कीर होते. लाँगव्हिकच्या छावणीतून हजारो फ्रेंच युद्धकैद्यांना त्यांनी खोटे कागद आणि थाप मारून बाहेर काढलं. त्यासाठी अटकही भोगली. जानेवारी १९४४ मध्ये जर्मनांना सामील झालेल्या फ्रेंच बंदूकधाऱ्यांनी त्यांच्या घरी येऊन गोळ्या झाडल्या. कीर जखमी झाले, पण वाचले, लपून राहिले, आणि सप्टेंबरमध्ये शहर मुक्त झालं तेव्हा परतले. पुढच्याच वर्षी लोकांनी त्यांना महापौर केलं. मरेपर्यंत, म्हणजे १९६८ पर्यंत, ब्याण्णव वर्षांचे होईतो ते महापौर होते. पॅरिसच्या संसदेत ते पायघोळ काळ्या झग्यात बसत. शहराच्या पश्चिमेला ऊश नदी अडवून त्यांनी एक तलाव बांधवला. १९६४ मध्ये तो खुला झाला, आणि आजही उन्हाळ्यात दिजोंची पोरं तिथेच डुंबतात.

महापौर म्हणून त्यांच्याकडे परदेशी पाहुण्यांची रीघ असे. शहरांची जुळी नाती जोडायचा त्यांना ध्यास होता, स्टालिनग्राडशीसुद्धा. १९६० मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह दिजोंला आले, तेव्हा चर्चच्या वरिष्ठांनी कीर यांना त्यांचं स्वागत करू दिलं नाही. नगरपालिकेत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ते ब्लां-कास ठेवत. पाहुणा आपल्या देशी परतून "तिथे कीरनी दिलेलं ते..." म्हणून सांगायचा. नाव असं पडलं. युद्धात जर्मनांनी लाल वाईन उचलून नेली म्हणून कीर यांनी पांढरीत कासीस घालून तिला लाल रंग दिला, अशी एक गोष्टही सांगतात. गोष्ट देशभक्तीची आहे, पण पेय त्याआधीच जुनं झालेलं होतं. कीर यांनी ते शोधलं नाही, लोकांपुढे आणलं. मला हे श्रेय कमी वाटत नाही.

२० नोव्हेंबर १९५१ रोजी त्यांनी संसदेच्या छापील कागदावर पत्र लिहून लझे-लागूत या कंपनीला, म्हणजे १८४१ च्या त्याच लागूतच्या वारस पेढीला, आपलं नाव जाहिरातीत वापरायचा हक्क दिला. कंपनीने १९५२ मध्ये नोंदणी केली. पुढे भाबड्या उदारपणाने कीर यांनी इतर कारखान्यांनाही तशीच परवानगी दिली. व्हायचं तेच झालं: खटले. ते कीर यांच्या मृत्यूनंतरही चालू राहिले, आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने पहिल्या कंपनीचा हक्क कायम केला. लेबलवर नाव कुणी छापायचं याचा हा निकाल. घरात ओतायला कुणाची परवानगी लागत नाही.

या काळ्या बाटलीने आणखी मोठं न्यायालय पाहिलं आहे. रेवे या जर्मन कंपनीला 'कासीस द दिजों' जर्मनीत आणून विकायचं होतं. जर्मन अधिकाऱ्यांनी सांगितलं, आमच्याकडे फळांच्या लिक्युअरमध्ये निदान २५ टक्के अल्कोहोल लागतं, तुमच्यात १५ ते २०. म्हणजे कमी कडक म्हणून बंदी! सरकारचा बचाव असा होता की सौम्य दारूने लोकांना सवय लवकर लागते. २० फेब्रुवारी १९७९ रोजी युरोपीय न्यायालयाने तो फेटाळला. एका सदस्य देशात कायदेशीरपणे बनलेला आणि विकला जाणारा माल, सबळ कारण असल्याशिवाय दुसऱ्या देशाने अडवायचा नाही, हे तत्त्व त्या निकालातून आलं. युरोपची सामायिक बाजारपेठ आज ज्या पायावर उभी आहे, त्यातला हा एक मोठा दगड. युरोपात कायदा शिकणाऱ्या मुलांना 'कासीस द दिजों' हे नाव पाठ असतं. त्यांतल्या किती जणांनी ते चाखलं आहे, हे मी विचारत असते.

आता ग्लासकडे.

मालकीणबाईंच्या तरुणपणी एक भाग कासीसला दोन भाग वाईन असं प्रमाण चाले. तेव्हा वाईन तेवढी आंबट होती. आता आलिगोते सुधारली आहे, शिवाय उन्हाळे तापल्यामुळे द्राक्षं जास्त पिकतात. बाई आज पाचास एक घालतात. जगभरच्या बारवाल्यांच्या संघटनेचं प्रमाण आणखी हलकं: ९० मिलिलिटर वाईनला १० मिलिलिटर कासीस. पहिल्यांदा करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाच्या खुणा असलेलं झाकण येतं, ते स्वच्छ धुऊन घेतलं की १० मिलिलिटरचं माप तयार. नाहीतर दोन छोटे चमचे. एवढ्या कासीसमध्ये साधारण चार-पाच ग्रॅम साखर येते, म्हणजे चहाचा एक चमचा. जुन्या प्रमाणाने तेवढ्याच ग्लासात तीन-चार चमचे साखर जाईल. मुंबईच्या हॉटेलातलं ते जांभळं पेय असंच झालं असणार.

वाईन ड्राय हवी, ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली नको, आणि खूप महागही नको. भारी शार्दोनेत कासीस घालणं म्हणजे केशराच्या दुधात हळद घालणं. वाईन दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवावी, कासीसही थंड असावं. बर्फ घालू नये, वितळून पाणी होतं. आपल्या हवेत ग्लासही दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवले तर बरं. कासीस आधी, वाईन नंतर, हा क्रम केवळ रिवाजाचा नाही. साखरेमुळे कासीस जड असतं. ते वरून ओतलं तर सरळ तळाशी जाऊन बसतं आणि पहिला घोट आंबट, शेवटचा पाकासारखा होतो. खाली असलं तर पडणाऱ्या वाईनचा झोतच ते मिसळून घेतो.

पांढऱ्याऐवजी लाल वाईन घेतली तर त्याला 'कोम्युनार' म्हणतात, १८७१ च्या पॅरिस कम्युनच्या लाल झेंड्यावरून. शॅम्पेन घातली तर 'कीर रॉयाल', पण दिजोंची माणसं त्यासाठी आपल्याच प्रांताची फेसाळ क्रेमां वापरतात आणि तीच मला जास्त आवडली. ब्रिटनीत सफरचंदाची सायडर घालतात. पीच, रासबेरी, ब्लॅकबेरीची लिक्युअर घालूनही लोक कीर म्हणतात. पीचचं पेय मधुर लागतं, पण कासीसची ती रानटी तुरट कड त्यात नाही, आणि कीरचा जीव त्या कडेत आहे.

बर्गंडीतल्या पुष्कळ घरांत लिक्युअरही घरीच होते. मालकीणबाईंची रीत अशी: जुलैत एक किलो पिकलेली फळं देठ काढून काचेच्या बरणीत घ्यायची, ठेचायची, झुडपाची दोन-चार कोवळी पानं टाकायची आणि फळं बुडतील इतकी, साधारण लिटरभर, फळांसाठीची बिनवासाची ४० टक्क्यांची दारू ओतायची. बरणी अंधारात दोन-तीन महिने. मग फडक्यातून पिळून गाळायचं आणि चव घेत घेत साखरेचा गार केलेला पाक घालायचा. पाक गार केलेला, यावर त्यांचा भर होता. कासीसमध्ये पेक्टिन भरपूर असतं, उष्णता लागली की लिक्युअरची जेली होते. जी मुलं आणि जे पाहुणे मद्य घेत नाहीत, त्यांच्यासाठी कासीसचं सरबत पाण्यात घालून त्याच ग्लासांतून येतं. रंग तोच, बैठक तीच.

महाराष्ट्रात हे झुडूप होत नाही, त्याला कडक हिवाळा लागतो. दिजोंच्या आसपासची नावाजलेली जात, 'न्वार द बुर्गोन्य', तर इतकी हट्टी की स्वतःच्या परागांनी तिला फळ धरत नाही. शेजारी दुसऱ्या जातीची झुडपं आणि मधमाश्या लागतात. हिवाळे सौम्य होत चालल्याने तिथलेच शेतकरी काळजीत आहेत. म्हणजे कासीसची बाटली आपल्याला विकतच घ्यावी लागणार, आणि आयात मालाची किंमत मोजावी लागणार. करवंदाच्या पाकावर मी एकदा प्रयोग केला. पेय चवदार झालं, पण त्याला कीर म्हणणं बरोबर नाही. त्याला आपलं नाव द्यावं.

वाईनची अडचण मात्र नाही. नारायणगावला १९८० च्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने 'ओमर खय्याम' ही फेसाळ वाईन निघाली, तिथपासून आपल्या द्राक्षांचं फ्रान्सशी नातं आहे. आज नाशिक-दिंडोरीच्या पट्ट्यात सप्टेंबरच्या सुमारास छाटणी होते आणि हिवाळ्याच्या थंड रात्री झेलून द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. त्यांतली ड्राय सोव्हिन्यों ब्लां कीरला चालते. तिचा स्वतःचा वास आलिगोतेपेक्षा ठसठशीत असतो, म्हणून कासीस दहा मिलिलिटरच्या वर नेऊ नये. शनां ब्लां घ्यायची तर लेबल नीट वाचावं, ती बरेचदा किंचित गोड असते आणि कीर बसकं होतं.

आणखी एक हिशेब. वाईन १२ टक्के आणि कासीस २० टक्के धरलं, तर कीर सुमारे पावणेतेरा टक्के होतं. रंगावरून आणि चवीवरून ते सरबताच्या जवळचं वाटतं, पण ते वाईनहून कडक आहे. बर्गंडीत एक ग्लास घेतात आणि जेवायला बसतात. गाडी चालवायची असेल तर तो एकही नको. आपल्या राज्यात वाईन-बिअरसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे, परवानाही लागतो, आणि घरी मद्य गाळणं-बनवणं परवान्याशिवाय गुन्हा आहे. तेव्हा बरणीची रीत इथे मी माहिती म्हणून दिली आहे. घरी करायचं ते दोन तयार बाटल्यांतून ग्लासात ओतण्याचं काम.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मालकीणबाईंनी मला स्वतः ओतायला दिलं. मी घाबरत थोडंच कासीस घातलं. त्यांनी ग्लास खिडकीच्या उजेडात धरला, एक घोट घेतला आणि "बरोबर" म्हणाल्या. मग काळी बाटली मला दाखवली. लेबलच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख लिहिलेली होती. हवा लागली की कासीसचा रंग विटकरी होतो आणि वास उडतो. वर्षभर कपाटात पडून राहिलेल्या बाटलीचं कीर पिऊन लोक कासीसला नावं ठेवतात. तुम्ही बाटली आणाल ती छोटी आणा, उघडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा, फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन महिन्यांत संपवा.